बायची काळी बियर

निरोप सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरने आणला. सावंतवाडीला आमच्या दारात उभा राहून त्याने आधी पाणी मागितलं, ते प्यायला, आणि मग म्हणाला की तुमची थोरली जाऊ काल संध्याकाळी गेली. मी तांदूळ निवडत होते. सुपातले उरलेले तांदूळ निवडून संपवले आणि मगच उठले. अशी बातमी ऐकली की माणूस रडतं म्हणतात. मला आधी थकवाच आला… दूरवरून चालत आल्यावर येतो तसा. माझे यजमान शाळेत होते. गाव त्यांना मास्तर म्हणतं, मीही इथे मास्तरच म्हणते. दुसऱ्या कोणाला पाठवण्यापेक्षा मीच शाळेत गेले. वर्गाच्या दारात मला बघितल्यावर त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला, मुलांना वाचत बसायला सांगितलं आणि बाहेर आले. काय झालं म्हणून विचारलं नाही. तिला ताप येतो आहे हे आम्हांला ठाऊक होतं. रविवारी जाऊन येऊ असं ठरलंही होतं.

तिचं नाव द्रौपदी. मास्तर तिला वैनी म्हणत, मी बाय म्हणायची. वेंगुर्ल्याच्या उत्तरेला खाडीकाठी आमचं घर आहे, त्या घरात ती माझ्या थोरल्या दिरांची बायको म्हणून आली तेव्हा मास्तर लहान होते आणि सासूबाई नुकत्याच वारलेल्या होत्या. दीर जहाजावर. म्हणजे नवऱ्याचा चेहरा नीट ओळखीचा होण्याआधीच तिच्या पदरात एक आईवेगळा दीर पडला. त्याला न्हाऊमाखू घालणं, शाळेत धाडणं, त्याच्या आजारपणात उशाशी बसणं हे सगळं तिने केलं. मास्तर शिकून मास्तर झाले ते तिच्यामुळे, आणि हे ते स्वतःच सांगत. आता गावात तिची आठवण निघाली की लोक एकच गोष्ट काढतात, तीही अर्धी. मास्तरांच्या वहिनीला दारू गाळताना पकडलं होतं, एवढंच. ती दारू गाळत नव्हती. उरलेली अर्धी गोष्ट सांगावी म्हणून हे लिहायला बसले आहे. तशी लिहायची फारशी उमेद नाही.

आधी हे सांगायला हवं की बायला दारूचा मनापासून तिटकारा होता. तिचे वडील आचऱ्याकडचे. चांगला माणूस, पण माडीच्या, म्हणजे माडाच्या दारूच्या पायी घर धुळीला मिळालं, आणि तिची आई लोकांच्या शेतात राबता राबता गेली. त्यामुळे बायने लग्नानंतर सांगून टाकलं होतं की ह्या घरात तो वास येता कामा नये. मास्तर ऐन तरुणपणात दारूबंदीसाठी गावोगाव हिंडले, त्याचं मूळ कुठल्या पुस्तकात नव्हतं. बायने लहानपणी चुलीपाशी बसवून सांगितलेल्या गोष्टींत होतं. राज्यात बंदी आली तेव्हा तिने देवापुढे नारळ ठेवला होता. मी तेव्हा नवी नवरी होते. चुलीपाशी तिने मला सांगितलं की आता कुणाच्या आईचे तसे हाल होणार नाहीत.

बंदी येऊन थोडे दिवस झाले असतील आणि दीर कायमचे घरी आले. त्यांना सगळे दादा म्हणत. उंच, रुंद खांद्यांचा माणूस जहाजाच्या इंजिनात कोळसा ओढून ओढून आतून पोखरला गेला होता. खोकल्याची उबळ आली की खांबाला धरून उभे राहायचे. जेवण जाईना. बायने पेज केली, सांदण केलं, तिखलं केलं, माशाचा नुसता रस्सा केला. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. मुंबईचा डॉक्टर झाला, वेंगुर्ल्याचा झाला. दादा दिवसभर पडवीत बसून खाडीकडे बघत राहायचे आणि दिसामाशी कमी होत चालले होते.

एका दुपारी त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली. लढाईच्या काळात त्यांचं जहाज विलायतेच्या एका बंदरात अडकून पडलं होतं, थंडीत त्यांची छाती भरली, आणि ज्या घरात भाड्याने राहत होते तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीने त्यांना जगवलं. ती घरीच काळी बियर करायची. जव भिजवून मोड आणायची, भाजून काळे करायची, त्याचं पाणी उकळून आंबवायची, आणि मग व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरत ठेवायची. रोज जेवणाआधी पेलाभर द्यायची. तेवढ्याने भूक लागायची, असं दादा म्हणाले. मागितलं काहीच नाही. बायकोचा स्वभाव त्यांना माहीत होता. पण दुसऱ्या दिवशी तिने नाचणी भिजत घातली.

मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली की नाचणीला मोड आणतोच आपण आंबील करायला, त्यात वेगळं काय आहे. पण वेगळं होतं, आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मोड आलेली नाचणी वाळवून तिने निम्मी तव्यावर काळी होईपर्यंत भाजली, दळली, गरम पाण्यात घालून झाकून ठेवली, मग गाळून त्या पाण्यात काळा गूळ आणि कडूपणाला काडेचिराईत घालून उकळलं. आंबवायला माडीचा तळाशी बसलेला गाळ लागत होता. तो आणायला ती स्वतः गेली, ज्या माडीपायी तिचं माहेर गेलं तिच्यासाठी. पदर नाकाला लावून तिने तो गाळ बरणीत ओतला आणि बरणी मागच्या मांगरात, म्हणजे गवत ठेवायच्या कोठारात, भाऱ्यांआड ठेवली. तिथे ती बरणी बुडबुडत बसली.

दादांनी पहिला पेला हातात घेतला, वास घेतला, घोटभर प्यायले. बायकोकडे बघून हसले, पुष्कळ दिवसांनी. मग म्हणाले, "बरा झाला. पण ह्यात लाकूड नाय."

त्या लाकडाचा शोध घेता घेता तिने काय काय केलं ते आठवलं की आजही हसू येतं, आणि त्या हसण्याचाही शीण होतो. विलायतेत दारूची पिंपं ओक नावाच्या झाडाची करतात, त्याचा वास आणि तुरटपणा पेयात उतरतो, शिवाय पिंपात आधी मुरलेल्या दारूची ऊबही राहते. दादांना हवं होतं ते हे. ओक इथे कुठला? बायने फणसाची ढलपी टाकून बघितली, तर सगळं पिवळं आणि चिकट झालं. सागाने तोंड कडू झालं. आंब्याच्या लाकडाला बुरशी आली. प्रत्येक वेळी दादा घोट घेत, मान हलवत, आणि तरीही पेला संपवत. ती स्वतः एकदाही चाखून बघत नव्हती. रंग बघायची, वास घ्यायची, आणि बाकी सगळं दादांच्या चेहऱ्यावरून ओळखायची.

ओक शेवटी मारियानकडे मिळाला. मारियान आमची शेजारीण, ख्रिस्ती, माहेर तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यात. तिच्या वडिलांकडे पोर्तुगालहून वाइन भरून आलेलं एक जुनं पिंप होतं, त्यात पुढे वर्षानुवर्षं काजूची फेणी भरत. पिंपाच्या लोखंडी पट्ट्या गंजून ते सुटलं होतं आणि त्याच्या फळ्या चुलीत जात होत्या. मारियान माहेराहून येताना त्यांतल्या उरलेल्या फळ्या कपड्यांच्या बोचक्यात बांधून घेऊन आली, सोबत औषधाच्या बाटलीतून थोडी फेणी. बायने फळीचे बोटाएवढे तुकडे केले, निखाऱ्यावर धरून वरून तांबूस होईपर्यंत शेकले, एकदा उकळून पहिलं तुरट पाणी टाकून दिलं आणि मग ते फेणीत बुडवून ठेवले. आंबणं थांबल्यावर बियर दुसऱ्या बरणीत ओतली, त्यात ते तुकडे आणि ती फेणी घातली, आणि बरणीचं तोंड मेणाने बंद केलं. मांगरात शिरलं की व्हॅनिलासारखा, ओल्या लाकडासारखा, जरासा जळक्या गुळासारखा वास यायचा. बाय दारात उभी राहून म्हणायची की हा वास वाईट नाही गो… आणि लगेच पदर नाकाला लावायची.

महिना उलटून गेल्यावर तिने पेला भरून दिला. दादांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "लाकूड इला."

त्या दुपारी ते पोटभर जेवले. बाय स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. त्यानंतर दोन-अडीच वर्षं दादा बरे होते. खोकला होताच, पण अंगावर मांस आलं. बंदरावर चालत जायचे, जाळी विणायला बसायचे. रोज जेवणाआधी एक पेला, जास्त नाही. मांगरातली बरणी घरात सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

मास्तरांना तर माहीत होतीच. पहिलं वर्ष त्यांनी डोळेझाक केली, आजारी भाऊ आहे म्हणून. पण दिवसा शाळेत आणि संध्याकाळी वाडीवाडीवर दारूविरुद्ध बोलायचं, आणि रात्री त्याच घरात जेवायला बसायचं, हे त्यांना आतून कुरतडत होतं. वैनीला त्यांनी तीनदा विनवलं. ती ऐकून घ्यायची आणि भात वाढायची. मग एक दिवस वाडीतल्या एकाने दारू पिऊन बायकोचं डोकं फोडलं. मास्तर त्याच्या दारात जाऊन बोलायला लागले, तर तो चारचौघांत म्हणाला की आधी तुमच्या मांगरातली बरणी फोडा, मग मला शिकवा. त्या बाईच्या डोक्यातून रक्त वाहत होतं. मास्तर तिथून मागे फिरले. घरी आले, दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी तिथेच होते. ते म्हणाले, "वैनी, मी आज वेंगुर्ल्याला जाऊन पोलिसांत सांगणार आहे. तुम्हांला न सांगता जाणं मला बरं वाटत नाही."

बायने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे मी शपथेवर सांगते. ती म्हणाली, "जावा. पण जेवन जावा, भावजीनू. थंय तुमका कोण जेवाक घालूचो नाय."

मास्तर जेवले. मान खाली घालून, तिने वाढलेलं सगळं जेवले, आणि मग बस पकडायला गेले. बाय बरणी लपवू शकली असती, खाडीत ओतू शकली असती. तेवढा वेळ तिच्याकडे होता. मी तसं सुचवलं तर म्हणाली की ते खोटे पडतील. मास्तर खोटे पडतील, असं तिला म्हणायचं होतं.

दुपारी जमादार आणि एक शिपाई आले. जमादार ओळखीचा होता, त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. दादा पडवीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मिया पितंय. गुन्हो माजो." पण बाय पुढे आली. ती म्हणाली की भिजवलं मी, भाजलं मी, आंबवलं मी. "बरणी माजी आसा. तेंचो संबंध नाय." शिपायाने पुराव्याला एक बाटली भरून घेतली आणि बरणी अंगणात आणून फोडली. काळं पाणी मातीत जिरलं, लाकडाचे तुकडे तेवढे वर राहिले. दादा पुन्हा खाली बसले. खांबाला धरून, पूर्वीसारखे.

खटल्याच्या दिवशी बाय वेंगुर्ल्याला गेली ती मास्तरांबरोबरच. दुसरं कोण नेणार होतं? तिने गुन्हा कबूल केला. न्यायाधीश वयस्कर होते, त्यांनी तिला कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहण्याची शिक्षा दिली. चोर, जुगारी, भांडणारे भाऊबंद यांच्यामध्ये ती लाकडी बाकावर दिवसभर बसून होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढून. आणि तिच्या शेजारी, शिक्षा नसताना, मास्तर बसले होते. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. दुपारी मास्तर पाणी घेऊन आले आणि ती प्यायली. संध्याकाळच्या बसने परत आली, हातपाय धुतले आणि चूल पेटवली.

दादांना तिने नंतर विचारलं, पुन्हा करू का. ते नको म्हणाले. पुन्हा तुला त्या बाकावर बसवणार नाही, म्हणाले. फेणीही मिळण्यासारखी नव्हती, गोव्याची हद्द बंद झाली होती, मारियानला स्वतःचं माहेर दिसत नव्हतं. हळूहळू जेवण पुन्हा कमी झालं. त्या बरणीमुळे ते जगले असते असं मी म्हणणार नाही. छाती पोखरलेलीच होती, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. पण मास्तरांना हे कोणी पटवावं? ते डॉक्टरांच्या पाठीमागे लागले, कचेऱ्यांत खेपा घातल्या, आणि आजारी माणसाला मिळतो तो परवाना मिळवून मुंबईहून विलायती काळ्या बियरच्या बाटल्या आणवल्या. स्वतःच्या हाताने पेला भरून भावापुढे धरला. आयुष्यात त्या वस्तूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. दादा अर्धा पेला प्यायले, भावाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरा आसा रे." मास्तर आत गेल्यावर पेला बायकडे देत हळूच म्हणाले की ह्यात लाकूड नाही. तो महिना काही त्यांनी पूर्ण केला नाही.

वर्षश्राद्ध उरकल्यावरच्या भाद्रपदात म्हाळ आला. आमच्याकडे पितरांच्या पानावर त्यांच्या आवडीचं वाढतात, मासे आवडत असतील तर मासे. पान वाढायचं काम आता धाकट्या भावाकडे, म्हणजे मास्तरांकडे आलं. ते सोवळं नेसून आले तेव्हा पानाशेजारी केळीच्या पानाच्या तुकड्याने झाकलेला एक पेला होता. तो उचलून बघायची गरज नव्हती, वास येतच होता. बायने बियर कधी केली, अंगणातून वेचलेले ते तुकडे कुठे जपून ठेवले होते, आम्हांला काहीच ठाऊक नव्हतं. ती दाराशी उभी होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही. झाकण काढलं, पेला दोन्ही हातांनी उचलला आणि भावाच्या पानावर ठेवला. मग कावळ्याला हाक मारायला पान घेऊन बाहेर गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

त्यानंतर दरवर्षी हे असंच चाललं. गोवा सुटला, मारियान पुन्हा माहेरी जाऊ लागली, फेणीची बाटली येऊ लागली. लाकूड मात्र तेच. दर वर्षी बाय कोयत्याने त्याचा वरचा पापुद्रा तासायची, आतलं नवं लाकूड उघडं करायची, शेकायची, भिजवायची. मास्तरांची बदली सावंतवाडीला झाली तरी म्हाळाला आम्ही घरी यायचो. दारूबंदीवर त्यांनी त्यानंतर भाषण केलं नाही. मत बदललं असं नाही. परवाच एका विद्यार्थ्याच्या बापाला ते हात जोडून दारू सोडायला सांगत होते. वैनीची त्यांनी माफी मागितली का, हे मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी नाही. तीही त्यांना कधी काही बोलली नाही. ते आले की त्यांच्या आवडीची सोलकढी करायची आणि ती वाढताना तिचा हात जरा सैल सुटायचा, एवढंच.

बायचं दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. आम्ही दोघंच घर आवरायला मागे राहिलो. अंगात त्राण नव्हतं. एका दुपारी मांगर झाडायला गेले तर गवताच्या भाऱ्यांआड बरणी होती, तोंड मेणाने बंद केलेली. श्रावणात, ताप यायच्या आधी तिने ती लावली असावी. यंदा घरात मृत्यू झालेला, वर्षभर म्हाळ नाही. म्हणजे ती कोणासाठीच नव्हती. काय करावं ते सुचेना म्हणून मी मास्तरांना हाक मारली. ते आले, बरणीसमोर उकिडवे बसले. मला वाटलं ते बाहेर नेऊन ओतायला सांगतील, आणि त्यांनी तसं सांगितलं असतं तर मी ओतलंही असतं. त्यांनी विचारलं की हे गाळायचं कसं.

बायचं जुनं मऊ लुगडं आणलं. त्यांनी एका बाजूने धरलं, मी ओतलं. लाकूड जास्त दिवस राहिलं होतं, मांगरभर वास कोंदला. काळं पाणी सावकाश खाली उतरलं, आम्ही ते बाटल्यांत भरलं. मी विचारलं की बरोबर झालं असेल का हे. इतक्या वर्षांत बायने ते कधी चाखलं नव्हतं, मी नाही, मास्तरांनी नाही. चव माहीत असलेला माणूस एकच होता.

मास्तर माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलतात. हातातलं लुगडं पिळत ते म्हणाले, "आता कोणाक विचारूचा गो?"

मग त्यांनी लुगड्यात उरलेले लाकडाचे तुकडे एकेक करून वेचले, विहिरीवर नेऊन धुतले, आणि मांगराच्या पडक्या भिंतीवर सावलीत वाळत मांडले. दुसऱ्या दिवशी आम्ही घराला कुलूप लावून निघालो तेव्हा ते तिथेच होते, अजून ओले.